पिस्तुलाचं मॅगझिन पारखून घ्यावं

अगं, पिस्तूल घेतलंस, टेक्ससचा लायसन्सचा वर्ग केलास, सुरक्षिततेचे नियम तोंडपाठ केलेस, याचा मला फार आनंद आहे. आता तू विचारतेस की काका, ग्लॉकसोबत आलेली मॅगझिनं रेंजवर पुरत नाहीत, दुसऱ्या कंपन्यांची निम्म्या किमतीत मिळताहेत, घेऊ का? घे. दुसऱ्या कंपनीचं म्हणजे वाईटच, असं अजिबात नाही. पण ते मॅगझिन तुझ्या पिस्तुलात, तुझ्या काडतुसांसह, तुझ्या हातून चालून दाखवेपर्यंत त्याच्यावर विश्वास टाकायचा नाही. पुढे जे सांगतोय ते सगळं याच एका गोष्टीसाठी.

आधी एक नीट समजून घे. नवशिक्यांना वाटतं मॅगझिन म्हणजे काडतुसं ठेवायची डबी. तसं नसतं. गोळी सुटली की स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस ढकलून चेंबरमध्ये बसवते. पापणी लवायच्या आत हे होतं. तेवढ्या वेळात खालच्या स्प्रिंगने काडतुसांची सगळी रास वर उचलून पुढचं काडतूस नेमक्या उंचीवर, नेमक्या कोनात आणून ठेवायचं असतं. तो कोन ठरवतात मॅगझिनच्या तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा. त्यांना फीड लिप्स म्हणतात, आपण ओठ म्हणू. हे ओठ थोडे फाकले तरी काडतूस वेळेआधी सुटतं, थोडे आवळले तरी अडकतं. सेमी-ऑटो पिस्तूल अडकलं की माणसं पिस्तुलाला दोष देतात, पण मी रेंजवर पाहत आलोय, बहुतेक वेळा खोट मॅगझिनमध्ये सापडते. पिस्तूल वर्षानुवर्षं चालतं. मॅगझिन झिजतं, आपटतं, वाळूत पडतं. ते झिजणारंच असतं, असं धरूनच चालायचं.

याचा मोठा दाखला अमेरिकी सैन्याचा आहे. १९८५ मध्ये त्यांनी बेरेटाचं ९२ हे पिस्तूल एम-९ या नावाने घेतलं. पिस्तूल चांगलंच होतं. पण २००३ नंतर इराकमध्ये सैनिकांच्या तक्रारी यायला लागल्या, की पिस्तूल अडकतंय. शोध घेतला तेव्हा बोट मॅगझिनकडे गेलं. सरकारी कंत्राटातल्या मॅगझिनांना जाड, खरखरीत फॉस्फेटचा लेप होता. तिथली पिठासारखी बारीक धूळ त्या खरखरीत पृष्ठभागाला धरून बसायची आणि फॉलोअर, म्हणजे काडतुसांच्या खालची ती सरकती पट्टी, मध्येच रुतायची. काडतुसं वर येणार कशी? पुढे गुळगुळीत लेपाची नवी मॅगझिनं दिली तेव्हा तक्रारी कमी झाल्या. पिस्तूल तेच, काडतुसं तीच. म्हणून नवं मॅगझिन हातात आलं की बाहेरचा रंग बघू नकोस, आत बघ. तळाची झाकण-पट्टी, म्हणजे बेसप्लेट, काढून नळीत उजेड टाक. वेल्डिंगची रेघ वर आलेली असेल, आत कुसळं असतील, पॉलिमरची नळी असेल तर साच्याची कड सुटलेली असेल, तर ते परत कर.

आता कोणाचं घ्यायचं? इथे मी पक्षपाती आहे आणि ते मुद्दाम. सर्वांत आधी पिस्तुलाच्या कंपनीचं स्वतःचं मॅगझिन. दुसरं, ज्या कारखान्याकडून पिस्तुलाच्या कंपन्या स्वतःच मॅगझिनं बनवून घेतात, त्याचं. इटलीत ब्रेशाजवळ गार्दोने वाल त्रोम्पिया नावाचं गाव आहे, बेरेटाचं गाव. तिथलीच मेक-गार ही कंपनी मुख्यतः मॅगझिनंच बनवते. बऱ्याच नामांकित पिस्तुलांच्या खोक्यात निघणारं मॅगझिन मुळात तिच्याच कारखान्यातलं असतं. तेव्हा बेरेटा ९२, सिग पी२२६, सीझेड ७५ किंवा जुनं ब्राउनिंग हाय-पॉवर असेल, तर मेक-गारचं मॅगझिन मी डोळे झाकून विकत घेतो, पण डोळे उघडे ठेवूनच तपासतो. त्यांनी बेरेटा ९२ साठी त्याच लांबीच्या नळीत १५ ऐवजी १८ काडतुसं बसवली आहेत आणि ती मॅगझिनं चांगली चालतात. लेपही गुळगुळीत असतो.

तुझं ग्लॉक १९ आहे. त्याच्या मूळ मॅगझिनची रचना वेगळी आहे. आत पोलादी नळी आणि तिच्यावर पॉलिमरचं आवरण. पूर्वीच्या काही मॅगझिनांत हे पोलाद पूर्ण गोलाईभर नसायचं. भरलं की अशी नळी किंचित फुगायची आणि बटण दाबलं तरी मॅगझिन आपोआप खाली पडायचं नाही. पुढे पोलाद चारी बाजूंनी आलं आणि ती अडचण गेली. जुन्या बाजारात अजून ती पहिली मॅगझिनं दिसतात. सरावाला चालतील, पण झटकन बदलायची असतील तर नकोत. मॅगपुल कंपनीचं पीमॅग मात्र सगळं पॉलिमरचं असतं, आत पोलादी नळी नाही. स्वस्त आहे, रेंजसाठी मला ते पसंत आहे, आणि माझ्या सरावाच्या पिशवीत निम्म्याहून जास्त तीच आहेत. घरात रात्रीसाठी तिजोरीत जे पिस्तूल ठेवतो, त्यात मात्र ग्लॉकचंच मॅगझिन असतं. दोन्हींचं काम वेगळं आहे, म्हणून दोन्ही घ्यावीत.

ग्लॉकच्या पिढ्यांचंही लक्षात ठेव. चौथ्या पिढीपासून मॅगझिन सोडायचं बटण उजवीकडे बदलून बसवता येतं, म्हणून तेव्हापासूनच्या मॅगझिनांना दोन्ही बाजूंना खाच असते. जुन्या मॅगझिनांना ती एकाच बाजूला आहे. बटण डावीकडेच असेल तर जुनी मॅगझिनं नव्या पिस्तुलात बसतात. पण तू डावखुरी आहेस, बटण बदलून घेतलं असशील तर जुनी मॅगझिनं तुला चालायची नाहीत. दुकानदार हे सांगेलच असं नाही.

धातू आणि पॉलिमर यांच्या जोडीकडे तर फारच थोड्यांचं लक्ष जातं. ग्लॉक ४३एक्स आणि ४८ ही बारीक पिस्तुलं आहेत, मूळ मॅगझिन १० काडतुसांचं. बाहेरच्या एका कंपनीने त्यांच्यासाठी पातळ पोलादी नळीचं १५ काडतुसांचं मॅगझिन काढलं, ते खूप खपलं. पण पिस्तुलातली मॅगझिन धरून ठेवणारी खिट्टी मूळची पॉलिमरची. पोलादी नळीची कड त्या मऊ खिट्टीवर घासत राहिली की खिट्टी झिजते आणि एक दिवस मॅगझिन बसलेलं असूनही सैल राहतं. म्हणून ती कंपनी स्वतःच पोलादी खिट्टी बसवायला सांगते. उलट पोलादी खिट्टी बसवून त्यात ग्लॉकची पॉलिमर-आवरणाची मॅगझिनं वापरली, तर आता मॅगझिनची खाच झिजते. म्हणजे एकदा जोडी ठरवली की ती मोडायची नाही. बाहेरचं मॅगझिन घेताना नुसतं किती काडतुसं बसतात हे विचारू नकोस, ते कशाला घासणार आहे हेही विचार.

जास्त काडतुसांचा मोह सगळ्यांना असतो. मला तो समजतो, पण एक हिशेब सांगतो. नळी तेवढीच आणि काडतुसं जास्त, म्हणजे स्प्रिंगला जागा कमी. १९११ पिस्तुलात हे स्वच्छ दिसतं. मूळ मॅगझिन सातचं. तेवढ्याच नळीत आठ बसवायची तर फॉलोअर आखूड करावा लागतो, स्प्रिंगच्या वेढ्यांची जुळणी बदलावी लागते. विल्सन कॉम्बॅटसारख्या कारखान्याने हे मनापासून केलं, त्यांची आठची मॅगझिनं चालतात. कोणीतरी नुसती जुनी स्प्रिंग कापून आठ बसवली, तर शेवटचं काडतूस नीट वर येत नाही. तळाला +२ ची, म्हणजे दोन काडतुसं जास्त बसवणारी, बेसप्लेट लावायची असेल तर तिच्यासोबत जास्त ताकदीची स्प्रिंग येते का, ते विचार. येत नसेल तर नको.

आणखी एक तपासणी यातच करून टाक. ही रेंजवर, पिस्तुलाची नळी सुरक्षित दिशेला ठेवूनच. मॅगझिन पूर्ण भर. मग वरचं काडतूस अंगठ्याने खाली दाब. ते थोडंसं तरी दबलं पाहिजे. दगडासारखं घट्ट बसलं असेल तर बंद स्लाइडखाली ते मॅगझिन ढकलून बसवणं अवघड जातं, खट असा आवाज येत नाही, आणि पहिल्या गोळीनंतर ते खाली घसरतं. अशा मॅगझिनमध्ये एक काडतूस कमी भरायचं. त्यात काही कमीपणा नाही.

आता खरी परीक्षा. घरी करायच्या गोष्टींसाठी आधी पिस्तूल रिकामं कर. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं कधीही समजू नकोस. चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकतं, आणि ग्लॉक मॅगझिन नसतानाही सुटतं. हाय-पॉवरसारख्या काही पिस्तुलांत मॅगझिन काढलं की ट्रिगर काम करत नाही, पण त्या यंत्रावर भिस्त ठेवून कुणी चेंबर तपासायचं सोडलं तर एक दिवस अपघात होतो. स्लाइड मागे ओढ, डोळ्याने बघ, बोट घालून बघ. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेव. मग रिकामं मॅगझिन घालून बटण दाब. आपल्या वजनाने खाली पडलं पाहिजे. नंतर स्लाइड ओढ. रिकाम्या मॅगझिनवर ती मागेच अडकून राहायला हवी, कारण फॉलोअरची छोटी पायरी स्लाइड-स्टॉपला वर उचलते. अडकली नाही तर स्प्रिंग मऊ आहे किंवा फॉलोअर चुकीचा घडलाय. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने फॉलोअर हळूहळू खाली दाबून सोड. तो तिरका न होता वर आला पाहिजे, मध्ये कुठे अडखळायला नको. त्यानंतर सरावाची नकली काडतुसं, स्नॅप कॅप्स, भरून स्लाइड हाताने ओढत सगळी बाहेर काढ. मॅगझिनच्या ओठांचा खोटेपणा इथेच बऱ्याचदा पकडला जातो.

मग रेंज. प्रत्येक मॅगझिनच्या तळाला पांढऱ्या रंगाने किंवा पक्क्या मार्करने क्रमांक टाक. नव्या शिकाऊंना हे फाजील वाटतं, मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. क्रमांक नसेल तर अडकलेलं मॅगझिन पिशवीत टाकलं की बाकीच्यांत मिसळून जातं, आणि पुढच्या वेळी तेच परत हातात येतं. छोटी वही ठेव. क्रमांक ३, अमुक काडतूस, चौथ्या गोळीला नाक खाली गेलं, एवढं लिहिलं तरी पुरे. त्रास एकाच क्रमांकाला पुन्हा पुन्हा होत असेल तर दोष मॅगझिनचा. सगळ्यांनाच होत असेल तर पिस्तुलात, काडतुसांत किंवा तुझ्या पकडीत बघ. मूळ कंपनीचं एक मॅगझिन याच्यासाठी बाजूला ठेव. त्यात तीच काडतुसं बिनतक्रार चालली की मग बाहेरच्या मॅगझिनला जबाबदार धरता येतं.

दोषाची ओळखही करून घे. काडतुसाचं नाक खाली जाऊन फीड रॅम्पवर, म्हणजे चेंबरकडे नेणाऱ्या चढावर, आदळत असेल, विशेषतः शेवटच्या दोन-तीन काडतुसांत, तर स्प्रिंग वेळेत उचलत नाही. स्लाइड काडतुसाच्या पाठीवरून निघून चेंबर रिकामंच बंद होत असेल, तरी कारण बहुतेक तेच. एकदम दोन काडतुसं बाहेर येत असतील तर ओठ फाकलेत. असं मॅगझिन पक्कडीने सरळ करत बसू नकोस, ते काम ज्याचं त्याला जमतं. १९११ मध्ये शेवटचं काडतूस उडून पुढे निसटत असेल तर फॉलोअरवरचा तो छोटा उंचवटा आहे का बघ. काही स्वस्त मॅगझिनांत तो नसतोच, आणि जॉन ब्राउनिंगच्या मूळ आराखड्यातला तो बारीकसा उंचवटा निष्कारण नव्हता.

किती गोळ्या झाडल्या की मॅगझिन पास? रेंजसाठी मी दोन-तीन वेळा पूर्ण भरून रिकामं करतो आणि समाधान मानतो. स्वतःच्या रक्षणासाठी ठेवायचं असेल तर रेंजच्या साध्या एफएमजे काडतुसांवर भागत नाही. त्यांचं नाक गोल आणि गुळगुळीत असतं, ती कशातूनही सरकतात. संरक्षणाची हॉलो पॉइंट काडतुसं पुढे सपाट, पोकळ असतात आणि ओठांच्या कोनाबाबत जास्त चोखंदळ. ती महाग आहेत हे मला माहीत आहे, तरी त्या मॅगझिनमधून थोडी तरी झाडून बघ. इथे पैसे वाचवू नकोस.

मॅगझिन भरून ठेवलं की स्प्रिंग मरते, असं तुला कोणीतरी सांगेल. चांगल्या पोलादाची स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने फारशी मरत नाही. ती थकते वारंवार भरण्या-रिकामं करण्याने. म्हणून सरावाच्या मॅगझिनांच्या स्प्रिंगा आधी बदलाव्या लागतात. स्प्रिंग थकली म्हणून अख्खं मॅगझिन फेकू नकोस. वुल्फसारख्या कंपन्या नुसत्या स्प्रिंगा विकतात, थोड्या पैशांत मॅगझिन पुन्हा नव्यासारखं होतं. आत तेल घालू नकोस. तेल धूळ ओढतं, आणि प्रायमरपर्यंत गेलं तर काडतूसही बिघडवतं. कोरडं फडकं, कोरडा ब्रश, बस. नवं मॅगझिन शेवटची काडतुसं घेताना बोटं दुखवतं. त्यासाठी मॅगलुलाचं भरायचं साधन घे, तुझ्या अंगठ्याची नखं वाचतील.

खरेदी कुठून, हेही सांगतो. नामांकित नावांची नकली मॅगझिनं बाजारात आहेत, खोकं हुबेहूब, चिन्ह हुबेहूब. म्हणून कंपनीच्या स्वतःच्या दुकानातून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घे. परत घेण्याची अट आधी वाच. काही दुकानं खोकं उघडलं की परत घेत नाहीत, मग आत उजेड टाकून बघणार कसं? एकदम दहा घेऊ नकोस, भले सूट असो. दोन घे, चालव, मग आणखी घे. गन-शोमध्ये टेबलावर ढिगाने मांडलेली जुनी मॅगझिनं मला बघायला आवडतात, पण त्यातलं उचलताना पाठीची शिवण आणि ओठांचे कोपरे बघ, बारीक तडे तिथेच पडतात. कधी कधी त्यांवर 'फक्त पोलीस व सरकारी वापरासाठी' अशा अर्थाचा शिक्का दिसेल. तो १९९४ ते २००४ या दहा वर्षांतला आहे. त्या काळात केंद्राच्या कायद्याने नागरिकांसाठी दहापेक्षा जास्त काडतुसांची नवी मॅगझिनं बनवायला बंदी होती. तो कायदा संपला, शिक्का राहिला. टेक्ससमध्ये त्याने काही अडत नाही.

पण टेक्ससच्या बाहेर अडतं, आणि हा भाग नीट वाच, कारण तू गाडीने फिरतेस. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट इथे मर्यादा १० काडतुसांची आहे. कोलोराडोत १५, इलिनॉयमध्ये पिस्तुलासाठी १५, डेलावेअरमध्ये १७. कोलोराडोने २०१३ मध्ये मर्यादा आणली तेव्हा मॅगपुल कंपनी तिथला कारखाना उचलून वायोमिंगला गेली, एवढी ही बाब तिथे तापली होती. या कायद्यांवर कोर्टात सतत लढाया चालू असतात, आकडे बदलतात. म्हणून निघण्याआधी त्या राज्याच्या सरकारी संकेतस्थळावर त्या दिवसाचा नियम बघायचा. तुझ्या ग्लॉक १९ चं १५ चं मॅगझिन न्यू जर्सीतल्या एडिसनला आत्याकडे नेलंस तर ते तिथे गुन्ह्यात मोडतं, पिस्तूल सोबत असो वा नसो.

विमानात मॅगझिन हातातल्या पिशवीत चालत नाही, रिकामं असलं तरी. ते चेक-इन सामानात, नियमाप्रमाणे कुलूपबंद कडक पेटीत. आणि भारतात जाताना रेंजची पिशवी प्रवासाला वापरूच नकोस. आपल्या विमानतळांवर सामानात विसरलेल्या एका काडतुसापायी लोकांवर शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल झाले आहेत. मुंबईला उतरताना चुकून पिशवीत राहिलेलं मॅगझिन म्हणजे सुट्टी पोलीस ठाण्यात. रेंजवर तुझ्या सोबत येणारा तो मित्र एच-१बी व्हिसावर आहे म्हणालीस. त्याला सांग, काही थोडे अपवाद सोडले तर त्या व्हिसावर पिस्तूल आणि काडतुसं बाळगायला अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. ग्रीन कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी. त्याने वकिलाला विचारल्याशिवाय रेंजवर पिस्तूल हातातही घेऊ नये.

तेव्हा या शनिवारी असं कर. ग्लॉकचं एक आणि पीमॅग दोन, एवढंच घे. घरी मी सांगितलं तसं तपास, तळाला क्रमांक टाक, वही पिशवीत ठेव. सकाळी लवकर रेंजवर ये, गर्दी कमी असते. हॉलो पॉइंटची एक पेटी मी आणतो.